चार मशीन आणि साठ पत्रिका

केजच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर मी कॉम्प्युटर क्लास काढला होता. देश खुला झाला असं पेपरात रोज छापून येत होतं, तो काळ. केजमध्ये त्याचा परिणाम म्हणून दोन एसटीडी बूथ, झेरॉक्सची दुकानं आणि मी, एवढं आलं होतं.

औरंगाबादला वर्षभराचा कोर्स करून मी परत आले होते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी लग्न करावं असं वाटत होतं. मी दोन वर्षं मागितली. त्यांनी ती दिली आणि वरचा मजलाही दिला. तिथं आधी लग्नाच्या बस्त्याचे गठ्ठे ठेवायचे.

आमच्या घरची लग्नं, वास्तू, मुहूर्त सगळं आमचे जंगम स्वामी, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, बघायचे. पत्रिका ते स्वतः हातानं मांडायचे. एका पत्रिकेला त्यांना एक आख्खी दुपार लागायची आणि आता त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. एका उन्हाळ्यात त्यांनी मला ते गणित शिकवलं आणि मी त्याचा प्रोग्राम लिहिला. नाव, जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की चंद्र कुठल्या नक्षत्रात होता ते निघायचं. मुलाची आणि मुलीची अशा दोन पत्रिका टाकल्या की छत्तीसपैकी किती गुण जुळतात तेही छापून यायचं. माझा त्यावर विश्वास होता का, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. मला गणित जमल्याचा आनंद होता. विश्वासाचं खातं स्वामींकडं होतं.

झेरॉक्सवाल्यांनी ते बघितलं आणि मागून घेतलं. तेलगाव, धारूर आणि अंबाजोगाईच्या एकेका दुकानात माझी फ्लॉपी गेली. प्रत्येकाकडं मशीन वेगळं होतं. काही मशीनमध्ये गणितासाठी वेगळी चिप असायची, काहींत नसायची. चिप नसली की एक पत्रिका काढायला तीन मिनिटं लागत, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक चहाला जाई ते परत येत नसे. म्हणून मी दोन फ्लॉप्या केल्या. चिपवाल्यांच्या फ्लॉपीत लांब आकडे ठेवले. बिनचिपवाल्यांच्या फ्लॉपीत आकडे छोटे केले, म्हणजे काम भराभर होईल. माझ्या क्लासच्या चांगल्या मशीनला चिप होती. मी जे काही तपासलं होतं ते त्याच मशीनवर, त्याच फ्लॉपीनं.

एका दुपारी तेलगावचे एक शेतकरी वर आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे होते. ऊस आणि कापूस करणारे, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. मागं त्यांची मुलगी होती, बावीस-तेवीस वर्षांची. ती खुर्चीवर न बसता मशीनकडं बघत उभी राहिली.

"ताई, हे दोन कागद बगा," ते म्हणाले. "ह्यो तुमच्या दुकानात काढलेला, ह्यो आमच्या तेलगावात. पोरगी तीच, पोरगा त्योच. सॉफ्टवेअरबी तुमचंच हाय म्हणत्यात."

मी बघितलं. माझ्या कागदावर मुलीचं नक्षत्र पुष्य होतं आणि गुण सव्वीस. तेलगावच्या कागदावर आश्लेषा आणि साडेदहा. दोन्हींच्या खाली माझ्या क्लासचं नाव होतं, एकाच वळणाच्या अक्षरात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अठराच्या खाली गुण आले की सोयरिकी मोडतात, आणि आश्लेषा नक्षत्राची सून सासूला वाईट असं मानतात. मुलाकडचे केजचेच व्यापारी होते. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता.

"ह्यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"मला तपासावं लागेल," मी म्हणाले.

"म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई?"

मी आठ दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी मी तेलगावच्या दुकानदाराला फोन करून त्याचं मशीन थोड्या दिवसांसाठी मागितलं. तो म्हणाला, "घेऊन जावा. लाईट हायच कुठं हिकडं?" आणायला मात्र त्याला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी जीपमधून मशीन आलं. बारा माणसांच्या जीपमध्ये मशीनचं खोकं टपावर आणि मॉनिटर मांडीवर घेऊन तीच मुलगी आली होती.

"तू कशी काय?" मी विचारलं.

"मला बगायचंय कुठं चुकतंय ते," ती म्हणाली. मग खोकं खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, एक सांगायचंय. दोन न्हाई, चार कागद हायेत."

तिला ते लग्न करायचं नव्हतं. घरात ते कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून गुण कमी निघतात का बघायला ती गावोगावच्या दुकानांत गेली होती. आधी अंबाजोगाई, मग धारूर, मग माझ्याकडं तिच्या भावाच्या हातून. तिन्हीकडं सव्वीस. शेवटी तेलगाव.

"स्वतःचं गाव शेवटी?"

"गावातला माणूस आदी बापाला सांगतो, मग कागद छापतो."

"जन्माची वेळ बदलून टाकली असतीस की."

"ती लबाडी झाली," ती म्हणाली.

ती बीएस्सी होती, गणित घेऊन. मी तिला दुसरी खुर्ची दिली.

आता तपासायचं तर एकदा बघून भागणार नव्हतं. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की तो नव्यानं तयार करायचा, प्रत्येक जातीच्या मशीनवर चालवायचा आणि उत्तर बरोबर आलं का बघायचं. हे हातानं करत बसले असते तर आठ दिवसांत दोन ओळी झाल्या असत्या. आणि बरोबर उत्तर म्हणजे काय, ते तरी कुणी ठरवायचं? मी स्वामींकडं गेले. त्यांनी आपली जुनी वही दिली. तीत त्यांनी हातानं मांडलेल्या साठ पत्रिका होत्या, वेळेसकट. "शंका आली तर इचार," ते म्हणाले आणि कपिलधारच्या यात्रेला निघून गेले.

मुलीनं दोन दिवसांत त्या साठ पत्रिका फाईलमध्ये भरल्या. मी मशीन जमवली. क्लासचं चांगलं फोर-एटी-सिक्स होतं आणि मुलांना शिकवायचं जुनं टू-एटी-सिक्स होतं. तेलगावचं बिनचिपचं थ्री-एटी-सिक्स आलंच होतं. चौथं, तसलंच पण चिप बसवलेलं, बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या एका इंजिनिअरनं दिलं, कारण त्याचं काम बंद होतं. चारी मशीन भिंतीला ओळीनं मांडली. एकमेकांना जोडायची कार्डं औरंगाबादलाही लवकर मिळत नसत. म्हणून प्रत्येक मशीनला त्याची त्याची फ्लॉपी दिली.

फ्लॉपीत मी असं लिहून ठेवलं की मशीन सुरू झालं की त्यानं कुणाला न विचारता कामाला लागायचं. आधी प्रोग्राम नव्यानं तयार करायचा. मग साठ पत्रिका काढायच्या. मग त्या स्वामींच्या उत्तरांशी ताडून निकाल फ्लॉपीवर लिहायचा. शेवटी, सगळं बरोबर असेल तर एक लांब शिट्टी. चूक असेल तर जितक्या पत्रिका चुकल्या तितक्या आखूड शिट्ट्या. चौघांचे आवाज मी वेगवेगळे ठेवले, म्हणजे जिन्यात असतानाही कोण बोललं ते कळावं.

ही सगळी व्यवस्था सुरू करायची वेळ ठरवायचं काम आम्हाला करावं लागलं नाही. ते वीज मंडळाकडं होतं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा लाईट जायची. त्या वेळच्या मशीनचं बटण दाबलेलं असलं की लाईट आल्यावर ती आपोआप सुरू व्हायची. लाईट जायच्या आत आम्ही फ्लॉप्यांवर नवा बदल टाकलेला असे. आली की चारी मशीन एकदम घरघरायची आणि परीक्षेला बसायची. आम्ही दोघी खाली दुकानात चहा घेत असू. केजमध्ये लोडशेडिंगची वाट बघणारी तेवढी दोनच माणसं होती.

पहिल्या दिवशी चांगल्या मशीननं एकच आखूड शिट्टी दिली. इंजिनिअरच्या मशीननंही एकच. टू-एटी-सिक्सनं पाच दिल्या, तेलगावच्या मशीननं पाच. खाली कापड मोजता मोजता अप्पांनी त्या मोजल्या.

"दोन लई बोंबलत्यात," ते म्हणाले.

चांगल्या मशीनवर जी एक चुकत होती ती चौघांवरही चुकत होती, म्हणून ती आम्ही बाजूला ठेवली. उरलेल्या चार चुका फक्त बिनचिपवाल्या मशीनवर होत्या. म्हणजे चूक मशीनची नव्हती, त्या दुसऱ्या फ्लॉपीची होती. म्हणजे माझी होती.

शोधायला तीन दिवस लागले. गणितासाठी मी फार जुन्या काळापासूनचे दिवस मोजत होते. तो आकडा सात अंकी येतो, आणि जन्माची वेळ त्याच्यापुढं दशांशात येते. छोट्या आकड्यात सात अंक मावले की दशांशाला जागाच उरत नव्हती. कागदावर मांडून बघितलं ते मुलीनं.

"मॅडम," मग ती म्हणाली, "ह्या फ्लॉपीत माणूस दिवसातून चारदाच जन्मतो."

तसंच होतं. पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा. मधे कधीही जन्मलेल्या माणसाला आमचं सॉफ्टवेअर जवळच्या वेळेला ढकलत होतं. बहुतेकांचं नक्षत्र तरीही तेच राहायचं, म्हणून इतके महिने कुणाला कळलं नाही. ती स्वतः दुपारी दोन पन्नासची. तिला साडेपाचला नेऊन ठेवलं होतं, आणि तेवढ्यात चंद्र पुष्यातून आश्लेषात गेला होता.

मी दिवस आणि वेळ वेगवेगळे ठेवले. लाईट गेली, आली. बिनचिपवाल्या दोघांनीही आता एकेकच शिट्टी दिली. चारी मशीनवर ती पुष्य होती आणि गुण सव्वीस.

"बरोबर आलं," मी म्हणाले.

"हां," ती म्हणाली, "आलं." आपल्याच लग्नाविरुद्धचा एकुलता एक पुरावा तिनं स्वतः शोधून काढून खोटा पाडला होता. ती फ्लॉप्यांवर तारीख टाकत बसली.

आठव्या दिवशी तिचे वडील आले. मी चारी मशीनचे कागद त्यांच्यापुढं ठेवले आणि माझी चूक सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"म्हंजे सव्वीस. म्हंजे ठरलं."

"मला न्हाई करायचं," मुलगी म्हणाली.

"कावून?"

"त्यो बगायला आलता तवा म्हणला, तुला काय येतं. मी म्हणलं, गणित. तर म्हणला, बरं हाय, फुडं पोरांचा आब्यास घेशील."

"मग त्यात काय वाईट हाय?"

"वाईट न्हाई. मला न्हाई करायचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फ्लॉप्यांकडं बघितलं. त्यांना राग आला असावा असं मला वाटलं, पण ते वेगळाच विचार करत होते. त्यांनी खिशातून तो तेलगावचा कागद काढला आणि घडी सरळ केली.

"पोरगी नको म्हणती असं मला त्या लोकांला सांगता येणार न्हाई, ताई. पर आश्लेषा म्हणलं तर त्येच मोडतील."

"तो कागद चुकीचा आहे, काका."

"ती लबाडी हाय," मुलगी म्हणाली.

"लबाडी मशीनची हाय. आपली न्हाई," ते म्हणाले, आणि जिना उतरले.

मी त्यांना अडवायला हवं होतं. माझ्या क्लासचं नाव त्या कागदावर होतं आणि तो खोटा आहे हे सिद्ध करण्यात मी आठ दिवस घालवले होते. मी अडवलं नाही, कारण मला बरं वाटलं होतं.

त्याच दिवशी सोयरीक मोडली. मुलाच्या आईनं आश्लेषा वाचली आणि निरोपाला उशीर केला नाही. मुलीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस वडिलांशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तेलगावहून एसटीनं येऊन सरळ मुलाच्या घरी गेली. मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. मुलाच्या आईनं दार उघडलं.

"काकू, माझं नक्षत्र पुष्य हाय," ती म्हणाली. "गुण सव्वीस हायेत. त्यो कागद चुकीचा व्हता. ह्या मॅडमची चूक हाय."

मी मान हलवली.

काकूंचा चेहरा उजळला. "आगं बाई! मग चांगलंच झालं की."

"न्हाई. मला लगीन करायचं न्हाई. पर ते आश्लेषामुळं न्हाई, एवढंच सांगायला आलते."

मग त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. त्यांनी आम्हाला आत बोलावून चिवडा दिला. आम्ही तो खाल्ला. सहा महिन्यांनी त्याच काकू मुलासाठी दुसरी पत्रिका घेऊन क्लासमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "चारी मशीनवर काढा." उसनी मशीन परत गेली होती, म्हणून तसली दोन जुनी मला विकत घ्यावी लागली. केजमध्ये पुढं ती पद्धतच पडली. एका मशीनवरची पत्रिका लोक घेईनात.

राहिली ती एक पत्रिका, जी चारी मशीनवर चुकत होती. मुलीनं ती हातानं मांडून बघितली. दोनदा मांडली. तिचं उत्तर मशीनशी जुळलं, स्वामींच्या वहीशी नाही. स्वामी कपिलधारहून आल्यावर आम्ही दोघी वही घेऊन त्यांच्याकडं गेलो. पान उघडून मी बोट ठेवलं. पानावर नाव नव्हतं, फक्त तारीख, वेळ, नक्षत्र आणि गुण होते.

स्वामींनी चष्मा पुसला, पाटी मागितली आणि आकडे मांडायला बसले. अर्ध्या तासानं त्यांनी पाटी खाली ठेवली.

"एक वजाबाकी चुकली," ते म्हणाले. "घाई झालती."

"कुणाची आहे ही?" मी विचारलं.

त्यांनी आतल्या खोलीकडं बोट केलं. आत त्यांच्या बायको सुपात धान्य पाखडत होत्या. एकोणीस वर्षांचे असताना स्वामींनी स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतःच जुळवली होती, आणि मुलगी त्यांना आधीच आवडली होती. वहीत गुण अठ्ठावीस होते. पाटीवर चौदा.

"ही पत्रिका तुमच्या त्या परीक्षेतून काढून टाका," ते मला म्हणाले.

"काढायची न्हाई, स्वामी," मुलगी म्हणाली. "वहीतली दुरुस्त करायची."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. स्वामींना आमच्या अप्पांनीही कधी दुरुस्त केलेलं नव्हतं. त्यांनी लाल शाई मागवली, अठ्ठावीसवर रेघ मारली, चौदा लिहिलं आणि आतल्या खोलीत हाक मारली.

"आगं, आपले चौदाच गुण जुळत्यात."

आतून सूप आपटल्याचा आवाज थांबला.

"चौदा?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं त्याच्याबी कमी आसतील." आणि सूप पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर चारी मशीननं पहिल्यांदा एकेक लांब शिट्टी दिली. खाली अप्पांनी गिऱ्हाइकाला थांबवून ती ऐकली.

आधी छापून गेलेल्या चुकीच्या पत्रिकांचं काय, हा प्रश्न उरला होता. तेलगावच्या दुकानदारानं गिऱ्हाइकांची यादी ठेवलेली नव्हती. आम्ही त्याला नवी फ्लॉपी दिली आणि दुकानाबाहेर पाटी लावली, की इथून पत्रिका नेलेल्यांनी ती फुकट तपासून घ्यावी. महिनाभरात तिघं आले. एकाची बरोबर होती. दुसऱ्याची चुकली होती, पण त्याचं लग्न झालं होतं आणि बायको समोर उभी होती, म्हणून त्यानं नवा कागद घेतला नाही. तिसऱ्यानं नवा कागद घेतला, दोन्ही शेजारी धरून वाचले आणि विचारलं, "ह्यातला मी कुठला घिऊ?" दुकानदारानं त्याला दोन्ही दिले.

ती मुलगी दोन वर्षं माझ्याकडं होती. रोज तेलगावहून यायची. तिच्या हातून सुटलेली चूक मला आठवत नाही. माझ्या हातून सुटलेल्या तिनं सगळ्या तारखेसह लिहून ठेवल्या होत्या, वेगळ्या वहीत. मग पुण्यातल्या एका कंपनीत तिला सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. तिला सोडायला केजच्या स्टँडवर मी गेले होते, आणि तिचे वडीलही आले होते, त्याच कडक इस्त्रीत. ती खिडकीत बसली. आम्ही दोघं खाली उभे राहिलो.

"तिकडं ती काय करणार म्हणं?" त्यांनी मला विचारलं.

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढणार."

"त्याची नोकरी आसती?"

"असते."

"घरी हे फुकटच चालू व्हतं," ते म्हणाले.

गाडी हलली. त्यांनी हात वगैरे केला नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तिकडंच बघत होते. मग त्यांनी रुमाल काढला, चेहरा पुसला, ऊन लई हाय म्हणाले, आणि आम्ही समोरच्या हॉटेलात चहाला गेलो.